गुणांच्या तीन मोजपट्ट्या आणि शिकवणीचा बाजार

दहावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एक विलक्षण अस्वस्थता पसरते. डोंबिवलीतील एखाद्या सोसायटीतील समोरासमोरची दोन घरे डोळ्यांसमोर आणावीत. एका घरातील मुलगा केंद्रीय मंडळाच्या शाळेतून ९५ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाला आहे. समोरच्या घरातील मुलीला राज्य मंडळाच्या परीक्षेत ८९ टक्के मिळाले आहेत. पेढे दोन्ही घरांत वाटले जातात. पण रात्री मुलीचे वडील मनाशी हिशेब मांडू लागतात. मंडळ निवडतानाच आपले चुकले काय? त्या एका शंकेतून धाकट्या मुलासाठी दोन निर्णय घेतले जातात. त्याची शाळा बदलायची आणि आठवीपासूनच त्याला मोठ्या नावाच्या क्लासला घालायचे.

हे दोन्ही निर्णय काही लाख रुपयांचे असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते एका मुलाच्या संस्कारक्षम वयातील चार-पाच वर्षांचे असतात. तरीही ते घेताना त्या मुलाच्या वह्या कोणी उघडून पाहिलेल्या नसतात, कोणत्या मंडळाची प्रश्नपत्रिका नेमके काय विचारते हेही कोणी तपासलेले नसते. भीती शेजारच्या घरातून येते आणि उत्तर जाहिरातीच्या फलकावरून. मंडळांमधील खरा फरक समाजाने समजून घेतला, तर या भीतीतला बराच भाग ओसरेल आणि शिकवणीच्या बाजाराची पकडही आपोआप सैल होईल.

तीन मंडळे, तीन प्रयोजने

राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि आयसीएसई या एकाच शिडीच्या चढत्या पायऱ्या आहेत, अशी समजूत शहरी समाजात रुजली आहे. वास्तव तसे नाही. ही तीन मंडळे तीन वेगळ्या गरजांतून जन्माला आली.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे मूळ १९२९ साली स्थापन झालेल्या राजपुतान्याच्या मंडळात आहे. १९५२ साली त्याला आजचे नाव मिळाले आणि १९६२ साली त्याची पुनर्रचना झाली. केंद्र सरकारच्या सेवेतील ज्या कर्मचाऱ्यांची वारंवार बदली होते, त्यांच्या मुलांना देशात कोठेही तोच अभ्यासक्रम मिळावा, ही त्यामागील मोठी गरज होती. सैन्यदल, रेल्वे, टपाल खाते यांतील कुटुंबांसाठी ती सोय आजही मोलाची आहे. आयसीएसई परीक्षा घेणारी परिषद १९५८ साली अँग्लो-इंडियन शिक्षणाच्या आंतरराज्य मंडळाच्या पुढाकाराने उभी राहिली. केंब्रिज विद्यापीठामार्फत येथे होणाऱ्या परीक्षेची जागा भारतीय परीक्षेने घ्यावी, हा तिचा हेतू होता. इंग्रजी भाषा आणि साहित्य यांवरील तिचा भर त्या मुळातूनच आलेला आहे.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले, तर १९६७ साली पुण्यात 'बालभारती'ची स्थापना झाली. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नव्या आकृतिबंधातील पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली. गडचिरोलीच्या आश्रमशाळेपासून दादरच्या शाळेपर्यंत पसरलेल्या, मराठीसह अनेक माध्यमांतून शिकणाऱ्या पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची परीक्षा हे मंडळ दरवर्षी घेते. एवढा मोठा भार वाहणारी परीक्षा आणि मोजक्या शाळांतील विद्यार्थ्यांची परीक्षा यांच्या प्रश्नपत्रिकांचा पोत सारखा असणार नाही, हे उघड आहे. तिला कनिष्ठ म्हणणे मात्र अन्यायाचे आहे.

२०१९ सालाने दिलेला धडा

गुण म्हणजे मुलाच्या बुद्धीचे वजन, ही समजूत किती फसवी आहे, हे राज्य मंडळाच्याच एका निकालाने दाखवून दिले आहे. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम नवा आला, प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलले आणि भाषा आदी विषयांतील तोंडी परीक्षेचे २० गुण रद्द करण्यात आले. २०१९ चा निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर उतरला. अकरावीच्या प्रवेशात मात्र हे विद्यार्थी ज्यांच्याशी स्पर्धा करणार होते, त्या अन्य मंडळांच्या मुलांना अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण मिळतच होते. पालकांत असंतोष उसळला. नंतर ते २० गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुले आधी मंदबुद्धी आणि मग कुशाग्र झाली, असे कोणी म्हणेल काय? मुले तीच होती, गुरुजनही तेच होते. बदलली होती ती मोजपट्टी. एकाच मंडळात एका वर्षात एवढा फरक पडू शकतो, तर दोन वेगळ्या मंडळांची टक्केवारी शेजारी ठेवून दोन मुलांची तुलना करणे किती निरर्थक आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ही तुलना शासनालाही सोपी गेलेली नाही. २००८ साली अकरावीच्या प्रवेशासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आणले गेले. ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचा निर्णय झाला; तोही न्यायालयाने रद्द केला. २०१० साली सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आली. उच्च न्यायालयाने ती नाकारली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली आणि ती रूढ झाली. सहाशे गुणांची परीक्षा देणाऱ्या मुलाचा सर्वात कच्चा विषय त्यामुळे टक्केवारीतून वगळला जाऊ लागला. उपाय झाला, परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. मंडळांच्या मूल्यमापनात समतुल्यता आणण्यासाठी नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३ साली 'परख' हे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, यातच या प्रश्नाची कबुली आहे.

फरक आहे तो कोठे?

मंडळांत फरकच नाही, असे मात्र नव्हे. फरक आहे, आणि तो नावात नसून पाठ्यपुस्तकाच्या पानावर आहे.

दहावीचे गणित घ्यावे. राज्य मंडळात बीजगणित आणि भूमिती यांच्या ४०-४० गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. बीजगणितात निश्चयकाच्या साहाय्याने समीकरणे सोडवण्याची क्रेमरची पद्धत आहे. अर्थनियोजनाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर आणि शेअर बाजाराची ओळख आहे. भूमितीत प्रमेयांच्या सिद्धता आणि कंपास-पट्टीच्या रचना आहेत. केंद्रीय मंडळात गणिताची ८० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते. २०२० पासून तेथे 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन स्तर आहेत, करांचे वा शेअरचे प्रकरण नाही आणि भौमितिक रचनांचा पाठ अलीकडे वगळण्यात आला आहे. आयसीएसईच्या गणितात कर, बँकेतील आवर्ती ठेवी आणि शेअर तर आहेतच, शिवाय मॅट्रिक्सचीही ओळख आहे. विज्ञानात आयसीएसईचा विद्यार्थी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांच्या तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवतो, राज्य मंडळाचा दोन, तर केंद्रीय मंडळाचा एकच.

प्रश्न विचारण्याची रीतही निरनिराळी आहे. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत सुमारे निम्मे गुण आकलन आणि उपयोजन तपासणाऱ्या प्रश्नांना असतात. एखादा प्रसंग देऊन त्यावर विचारलेले प्रश्न तेथे हमखास येतात. राज्य मंडळाच्या भाषाविषयांत आता कृतिपत्रिका असते. उताऱ्यावरील कृती, स्वमत, उपयोजित लेखन यांत पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. राज्य मंडळाचा विद्यार्थी दहावीला तीन भाषांची परीक्षा देतो, केंद्रीय मंडळात मुख्यतः दोन भाषांचे गुण धरले जातात. उत्तीर्ण होण्यासाठी राज्य मंडळात ३५, तर अन्य दोन्हींकडे ३३ टक्क्यांची रेषा आहे.

एवढे तपशील पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आठवीपर्यंत एका मंडळात शिकलेल्या मुलाला नववीत दुसरीकडे हलवणे म्हणजे त्याला चालत्या गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत बसवणे होय. जे इतरांनी सहावी-सातवीत शिकले ते याचे राहून गेलेले असते आणि जे याने घोटलेले असते ते तेथे कोणी विचारत नाही. ही खिंड भरून काढण्यासाठी शिकवणी येते. घरच्यांना वाटते, मंडळ कठीण आहे म्हणून शिकवणी लागली. वस्तुतः ती घाईने केलेल्या बदलामुळे लागलेली असते.

शिकवणीचा बाजार

शुल्क घेऊन शिकवणे यात गैर काही नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवून चरितार्थाची सोय केली होती. गल्लीतील एखाद्या निवृत्त गुरुजींनी संध्याकाळी ओसरीवर चार मुलांना गणित शिकवावे, ही महाराष्ट्राच्या गावोगावची जुनी रीत आहे. त्या शिकवणीत गुरुजींना प्रत्येक मुलाचे अडते कोठे, हे ठाऊक असे. 'लातूर पॅटर्न'चा उगमही मुळात महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांत, तेथील प्राध्यापकांच्या परिश्रमांत आणि वारंवार घेतलेल्या सराव परीक्षांत होता.

आजचे चित्र निराळे आहे. केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या सर्वेक्षणानुसार देशातील २७ टक्के शालेय विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागातही २५.५ टक्के आहे. ज्या सेवेवर २००३ पासून सेवाकर लागला आणि आज १८ टक्के वस्तू व सेवा कर भरावा लागतो, ती आता ओसरीवरची शिकवणी राहिलेली नाही. तो व्यवसाय झाला आहे. व्यवसाय म्हटला की गिऱ्हाईक लवकर पकडणे आले. म्हणून आठवीपासूनचे 'फाउंडेशन' आले. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयात केवळ नाव आणि सारा दिवस क्लासमध्ये, अशी 'इंटिग्रेटेड' व्यवस्था आली. २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची बायोमेट्रिक हजेरी घेण्याचा आदेश काढावा लागला, यावरून महाविद्यालयांचे वर्ग किती ओस पडले होते याची कल्पना येते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये, गुणांची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. शेजारच्या गोव्यात कोचिंग वर्गांच्या नियमनाचा कायदा २००१ सालीच झाला. महाराष्ट्रात मसुद्यांची चर्चा झाली, कायद्याची वाट अद्याप पाहिली जात आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न इतका गंभीर झाला की जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला शाळा, महाविद्यालये आणि कोचिंग संस्था यांच्यासाठी मानसिक आरोग्याविषयी निर्देश द्यावे लागले. ज्या घरात मूल रात्री दहाला क्लासहून परतते आणि आईशी दोन शब्द न बोलता झोपी जाते, त्या घराने या बातम्या दूरच्या कोटा शहराच्या समजू नयेत.

दहावीनंतर मंडळाचे महत्त्व किती?

पालकांचा खरा प्रश्न पुढचा असतो. 'नीट' आणि 'जेईई' केंद्रीय मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेल्या असतात, मग राज्य मंडळाच्या मुलाने काय करावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. या परीक्षांसाठी एनसीईआरटीची पुस्तके अकरावीपासून नीट वाचावी लागतात. ती अत्यल्प किमतीत मिळतात आणि कोणत्याही मंडळाचा विद्यार्थी ती वाचू शकतो. त्यासाठी तिसरीतील मुलाची शाळा बदलण्याचे कारण नाही.

दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशांसाठी होणारी सामायिक प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्याच अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर घेतली जाते. तिच्यात सुमारे २० टक्के भर अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. या राज्यातील बहुसंख्य विद्यार्थी ज्या दारातून पुढे जातात, त्या दाराची किल्ली राज्य मंडळाच्या पुस्तकातच आहे. आयआयटीच्या प्रवेशासाठीही बारावीला ७५ टक्के गुण किंवा आपापल्या मंडळातील अग्रस्थानी असलेल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, अशी अट असते. म्हणजे देशातील सर्वात कठीण गणल्या जाणाऱ्या संस्थाही विद्यार्थ्याला त्याच्याच मंडळातील सहाध्यायांत तोलण्याची वाट मोकळी ठेवतात. शेजारच्या घरातील पेढ्यांवरून ते तोलत नाहीत.

मध्यमवर्गाने पाठ फिरवली तर

या प्रश्नाला केवळ घरापुरते पाहून चालणार नाही. ज्या शाळेत गावातील डॉक्टरांची, शिक्षकांची आणि दुकानदारांची मुले शिकतात, त्या शाळेकडे गावाचे लक्ष राहते. शिक्षक वर्गावर आले नाहीत तर कोणीतरी विचारते, प्रयोगशाळेला कुलूप असेल तर कोणीतरी ते उघडायला लावते. मध्यमवर्ग आपली मुले काढून घेतो तेव्हा हे विचारणारेच निघून जातात. मागे राहतात ती कष्टकऱ्यांची मुले. मराठी शाळा बंद पडल्याची हळहळ व्यक्त करणाऱ्या अनेक घरांनी आपली मुले तेथून केव्हाच काढून नेली आहेत, हे कटू असले तरी सत्य आहे. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. परंतु मातृभाषेतून विचार करण्याची सवय कायद्याने लागत नाही. ती घर आणि शाळा मिळून लावतात.

राज्य मंडळाच्याही अंगी दोष आहेत. २०१९ प्रमाणे आयत्या वेळी पद्धत बदलणे आणि पुन्हा मागे फिरणे, यामुळे पालकांचा विश्वास डळमळतो. राष्ट्रीय आराखड्याशी सुसंगत असा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणण्याचे काम सुरू झाले आहे. ते करताना शिक्षकांचे प्रशिक्षण आधी आणि प्रश्नपत्रिका नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे. महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल आणि संतपरंपरा यांचे स्थान त्यात अबाधित राहिले पाहिजे. अन्यथा पुस्तके बदलतील आणि शिकवणीचा बाजार तेवढा वाढेल.

शिकवणी लावण्यापूर्वी

प्रत्येक शिकवणी त्याज्य नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या आईवडिलांना, बदलीमुळे मंडळ बदलावे लागलेल्या मुलाला, एखाद्या विषयात मागे पडलेल्या मुलीला तिचा आधार होतो. पण औषध जसे रोग पाहून आणि ठरावीक दिवसांसाठी घेतात, तशी शिकवणी असावी. मुलाच्या मागच्या दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका पालकांनी स्वतः पाहाव्यात. चूक संकल्पनेत आहे, भाषेत आहे की केवळ सरावात, हे शाळेतील शिक्षकांना भेटून विचारावे. तिन्ही मंडळांच्या मुलांना एकाच वर्गात बसवून एकच टिपणे वाटणाऱ्या ठिकाणी त्याचा उपयोग होणार नाही. शिकवणाऱ्याने त्या मंडळाची चालू वर्षाची नमुना प्रश्नपत्रिका पाहिली आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा. ही शिकवणी केव्हा थांबेल, हा दुसरा. ज्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याला विद्यार्थी नको असतो, गिऱ्हाईक हवे असते.

आणि ज्या घराला शुल्क परवडत नाही, त्या घराचे काय? येथे समाजाचे काम सुरू होते. महाराष्ट्रातील अनेक सेवावस्त्यांत कार्यकर्ते वर्षानुवर्षे अभ्यासिका चालवत आले आहेत. समाजमंदिराची एक खोली, दोन दिवे, एक फळा आणि रोज संध्याकाळी दोन तास देणारा कोणी महाविद्यालयीन तरुण वा निवृत्त शिक्षिका, एवढ्या भांडवलावर कित्येक मुले दहावीचा उंबरठा ओलांडून गेली आहेत. मंडळांची गुणदानयोजना समजावून सांगणारी पालकसभा प्रत्येक अभ्यासिकेत जूनमध्येच घेतली, तर तेथील आईवडिलांनाही कोणाच्या फलकावरून निर्णय घ्यावा लागणार नाही. आठवड्यातील दोन संध्याकाळी देऊ शकणारा सुशिक्षित माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला कोणी विचारलेले नसते, इतकेच.

डोंबिवलीच्या त्या घरातील मुलीला ८९ टक्के मिळाले आहेत. तीन भाषा, भूमितीच्या सिद्धता आणि स्वमत लिहिण्याची शिस्त तिने आपल्या बळावर मिळवली आहे. तिच्या धाकट्या भावासाठी शाळेचा दाखला काढण्यापूर्वी वडिलांनी एक रात्र थांबावे, त्याची गणिताची वही उघडावी आणि त्याच्या शेजारी बसून शेवटची चूक त्याच्याकडूनच समजून घ्यावी. पुढचा निर्णय त्या वहीवरून घ्यावा.